खिळा कुणाचा?

पूर्वी वेलापट्टण नावाच्या बंदरावर महाजय राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या लोहारआळीत जन्माला आला. बापाने त्याचे नाव खदिर ठेवले, कारण खैराचा कोळसा भट्टीत सर्वांत जास्त वेळ धग धरतो. धाकटा झाला तेव्हा बापाची हौस फिटली होती की काय कोण जाणे, त्याचे नाव ठेवले शाल्मल. शाल्मल म्हणजे सावर. सावरीचे लाकूड चटकन पेटते आणि चटकन विझते, हे लोहाराच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे धाकट्याला आळीत जन्मभर चिडवले गेले, आणि खरे सांगायचे तर त्यानेही चिडवणाऱ्यांना कधी निराश केले नाही. ही कथा बोधिसत्त्वाची आहे. पण ती गेली या धाकट्याच्या काळजावरून, म्हणून त्याच्या शेजारी बसूनच ती ऐकावी.

दुसऱ्या बंदरांत गलबताच्या फळ्या काथ्याने शिवत. वेलापट्टणात त्या खिळ्यांनी जोडत, आणि त्याचा त्या गावाला भारी तोरा होता. तोरा अगदीच फुकाचा नव्हता. तिथला खिळा हातभर लांब असे. तो बाहेरून ठोकायचा, फळीतून आणि आतल्या फासळीतून पार काढायचा, आणि आत निघालेले टोक मुरडून पुन्हा लाकडात बसवायचे. असा मुरडलेला खिळा दर्याने कितीही हिसके दिले तरी मागे सरकत नाही. मात्र टोक मुरडायचे तर लोखंड चिवट लागते. ठिसूळ लोखंडाचे टोक मुरडता मुरडता तुटून हातात येते.

याशिवाय त्या गावात पुकाराची रीत होती. गलबत पाण्यात ढकलण्याआधी कोळीवाड्यातली सर्वांत वयस्क बाई शेवटच्या खिळ्यावर हात ठेवून तीन वेळा विचारी, "खिळा कुणाचा?" ज्याच्या घराचा ठसा खिळ्याच्या माथ्यावर असेल त्या घरातल्या कर्त्या लोहाराने सर्वांसमक्ष म्हणायचे, "माझा." एवढाच विधी. ना नारळ, ना वाजंत्री. पण तो शब्द उच्चारला गेल्याशिवाय एकही वल्हेकरी गलबतावर पाय ठेवत नसे, आणि तो शब्द उच्चारल्यावर गलबतावरच्या जिवांचा भार त्या लोहाराच्या मानेवर येई. गलबत खिळ्यापायी बुडाले, तर बुडालेल्यांच्या घरची चूल त्याने पेटती ठेवायची, मरेपर्यंत.

त्या वर्षी शेजारच्या राजाने आपल्या बंदरातून एक प्रचंड गलबत पूर्वेच्या देशांकडे पाठवले. महाजयाला अन्न गोड लागेना. वारा फिरायच्या आत याहून मोठे गलबत आपल्या खाडीतून निघालेच पाहिजे, असे त्याने दरबारात जाहीर केले. आता चांगले लोखंड यायचे ते डोंगरातून, बैलांच्या पाठीवरून. डोंगरातली माणसे ते गाळणार, कुटून कुटून त्यातली मळी काढणार, मग उतरणीला लागणार. राजाच्या रागासाठी बैल काही पळत नाहीत. तेव्हा अमात्य पिंगलाने डोके चालवले. खाडीपलीकडच्या दलदलीत तांबूस दगड मिळे, त्यातून लोखंड निघे, आणि तेही हाताच्या अंतरावर. ते लोखंड त्याने बोधिसत्त्वाच्या भट्टीवर आणून टाकले.

बोधिसत्त्वाने त्यातला एक तुकडा तापवला. लाल असताना तो लोण्यासारखा मऊ होता. त्याचा खिळा केला, थंड होऊ दिला, ऐरणीच्या कडेवर धरून वाकवला. खिळा कडकन मोडला.

"हे दलदलीचं लोखंड कढया करायला न्या," तो म्हणाला. "गलबताला नाही."

"महाराजांची घाई तुला माहीत नाही," पिंगल म्हणाला.

"दर्याला तरी कुठे माहीत आहे?"

पिंगल हसला. हसण्यात तो वाकबगार होता. "लोहारा, जन्मभर खिळ्यांना वाकवलंस. एकदा स्वतः वाकून बघ. जड नाही जात."

"अमात्य, खिळा लाकडातून पार गेल्यावर वाकतो, तोही फळी सुटू नये म्हणून. लाकडात शिरायच्या आधीच जो वाकतो, तो आम्ही उकिरड्यावर टाकतो."

दुसऱ्या दिवशी शिपाई आले. त्यांनी भट्टीत पाणी ओतले आणि बोधिसत्त्वाचा भाता सुरीने उभा फाडला. लोहाराचा भाता फाडणे म्हणजे त्याच्या तोंडात मारण्यासारखे आहे. सगळी आळी दारात उभी राहून बघत होती.  शाल्मलही त्यांतच होता, आपल्या दाराच्या चौकटीला धरून. फाटलेल्या भात्यातून शेवटची हवा निघाली तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता हे माझ्याकडे येणार.

आलेच. पिंगल त्याच्याकडे आला तो गोड बोलत, ओट्यावर ऐसपैस बसून.

"तुझ्या भावासारखा हट्टी माणूस पाहिला नाही बघ. तू मात्र शहाणा आहेस असं ऐकतो. खिळे आखूड कर. फळीतून जातील, फासळीत अर्धे रुततील, पलीकडे निघणारच नाहीत. मग मुरडायचा प्रश्नच कुठे येतो?"

"पण आतून लोक बघतील. मुरड दिसणार नाही."

"आतून राळ फासायची. जिथे मुरड हवी तिथे राळेचाच उंचवटा. सुतारांना मी सांगितलंय, त्यांची काही तक्रार नाही. तुमच्या घराचा कासवाचा ठसा तुझ्याकडेच असतो ना?"

ठसा त्याच्याकडेच होता. बाप गेल्यावर थोरल्यानेच तो धाकट्याच्या हाती दिला होता, त्याला जरा उभारी यावी म्हणून. शाल्मलने नाही म्हणायला तोंड उघडले. दाराबाहेर भाता फाडणारे शिपाई उभे होते, आणि त्यांतल्या एकाच्या कमरेला तीच सुरी होती. त्याने उघडलेले तोंड मिटले.

मग त्याने खिळे केले. एकट्याने पुरे पडेना, म्हणून आळीतल्या आणखी काही जणांनी केले. माणूस स्वतःची समजूत घालू लागला की त्याच्यासारखा वकील नाही. शाल्मल मनाशी म्हणे, मी नाही केले तर दुसरा करील. म्हणे, दर्या दर वेळी काही खवळत नाही. म्हणे, खिळे ठोकणारे सुतार, गलबत नेणारे कोळी, मी फक्त मधला. त्याची बायको एवढेच म्हणाली, "अलीकडे तुमच्या हातोड्याचा आवाज ऐकवत नाही." त्यावर तो तिच्यावर खेकसला.

बोधिसत्त्व या दिवसांत रानातून सरपण आणून विकत होता. एकदा मोळी घेऊन किनाऱ्यावरून जाताना त्याला वाळूत पडलेला एक खिळा सापडला. आखूड. माथ्यावर कासव. शाल्मलचा हातोडा पहिल्यापासून किंचित डावीकडे पडे, त्यामुळे त्याच्या खिळ्यांचा माथा एका अंगाला कलता असे. हाही कलता होता. बोधिसत्त्वाने तो कमरेला खोचला आणि दिवेलागणीला धाकट्याच्या घरी गेला.

खिळा त्याने ओट्यावर ठेवला. 

"दादा, ते लोक दारात उभे होते. मी काय करणार होतो?"

"मी काही विचारलं नाही."

"मग विचार ना! मार मला, शिव्या दे!"

"विचारलं तर आज तू खोटं बोलशील. एक ओझं आहे तेवढं पुरे आहे." बोधिसत्त्व उठला. "पुकाराला मी जाणार आहे. तू घरी राहा."

थोरल्याने एक थोबाडीत दिली असती तर शाल्मल त्या दिवशी पोटभर जेवला असता. तशी ती मिळाली नाही, आणि त्याला घास गिळेना.

पुकाराच्या दिवशी किनाऱ्यावर गाव लोटले. गलबत खरोखरच देखणे झाले होते. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, सोनेरी हंस, नवी शिडे, राळेचा ताजा वास. राजा उंच आसनावर बसला होता. वल्हेकरी वल्ही घेऊन रांगेत उभे होते, त्यांच्या बायका कडेवर पोरे घेऊन मागे. त्या रांगेत वारुणी म्हातारीचा मुलगा होता आणि दोन नातूही. वारुणी म्हणजे कोळीवाड्यातली सर्वांत वयस्क बाई, पुकार करणारी. शाल्मलला घरी राहायला सांगितले होते. तो गर्दीत मागे, डोक्यावरून फडके ओढून उभा होता.

पिंगल बोधिसत्त्वाच्या कानाशी लागला. "एक शब्द म्हण. नवा भाता, नवी भट्टी, आणि राजलोहाराचा मान. नाही म्हणालास तर ठसा कुणाच्या हातचा आहे ते मी महाराजांना सांगेन. भाऊ एकच आहे ना तुला?"

बोधिसत्त्व पुढे होऊन गलबतापाशी जाऊन उभा राहिला.

वारुणीने शेवटच्या खिळ्यावर सुरकुतलेला हात ठेवला. "खिळा कुणाचा?"

बोधिसत्त्व गप्प राहिला. लोकांत कुजबुज झाली.

"खिळा कुणाचा?"

तरीही तो गप्प. राजाच्या कपाळावर शीर उभी राहिली. फडक्याखाली शाल्मल मनात म्हणत होता, म्हण, दादा, एकदाचा म्हणून टाक. आणि त्याच वेळी त्याला वाटत होते, नको म्हणूस, तू तरी नको.

"खिळा कुणाचा?"

"माझा," बोधिसत्त्व म्हणाला.

शाल्मलच्या जिवात जीव आला, पण क्षणभरच. म्हणजे दादाही वाकला तर. आपल्यासारखाच निघाला.

पण बोधिसत्त्वाचे बोलणे संपले नव्हते. तो गलबतावर चढला, फासळीवरचा राळेचा एक उंचवटा त्याने नखाने उकरला आणि वल्हेकऱ्यांना जवळ बोलावून दाखवला. खाली नुसते लाकूड होते. मग खाली उतरून त्याने फळीतला खिळा कमरेच्या चिमट्याने ओढला. तो दोन हिसक्यांत बाहेर आला. धोंड्यावर ठेवून त्याने वरून दगड मारला. खिळ्याचे दोन तुकडे झाले.

"खिळा माझा आहे, म्हणूनच सांगतो," तो मोठ्याने म्हणाला. "यावर कुणी पाय ठेवू नका. खाडीच्या तोंडापर्यंतसुद्धा हे टिकणार नाही."

वल्हेकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि वल्ही वाळूत टाकली.

राजा आसनावरून उठला. सगळ्या गावादेखत त्याचे हसे झाले होते. "म्हणजे हे आखूड खिळे तू घडवलेस?"

"महाराज, पुकारात घडवला कुणी असं विचारत नाहीत. कुणाचा असं विचारतात. ठसा आमच्या घराचा आहे आणि घरातला कर्ता मी आहे. खिळा माझा."

राजा पिंगलाकडे वळला. पिंगलाची पंचाईत झाली. खदिरने नकार दिला होता असे सांगावे, तर मग खिळे आले कुठून, हे सांगावे लागणार. आता धाकट्याचे नाव घेतले तर धाकटा पिंगलाचे नाव घेणार. तो म्हणाला, "ठसा त्याच्याच घराचा दिसतो खरा, महाराज."

"तर मग गलबत आजच निघेल," राजा ओरडला. "याला एकट्याला घाला त्यात. ओढून खाडीच्या तोंडाशी सोडून द्या. ज्याचा खिळा, तोच बुडेल."

"चालेल," बोधिसत्त्व म्हणाला. "मात्र ओढणाऱ्यांनी दोर लांब ठेवावा. गलबत फुटेल तेव्हा जवळच्या होड्या त्यात सापडायला नकोत." आणि कुणी दंडाला धरायच्या आत तो आपल्या पायांनी वर चढला.

शिपाई गलबताखालचे ओंडके मोकळे करू लागले. शाल्मल बघत होता. त्याचे नाव कुणी घेतले नव्हते आणि आता कुणी घेणारही नव्हते. एवढे फडके जरा पुढे ओढून घरी गेले असते की झाले. उद्या भट्टी पेटवायची, परवा पेटवायची. कुणीही, कधीही विचारले नसते. त्याच्या डोळ्यांसमोर तो सारा जन्म उभा राहिला, आणि तो जन्म त्याला सुरीहून भयंकर वाटला.

तो गर्दी रेटत पुढे आला. थेट वारुणीसमोर जाऊन उभा राहिला आणि डोक्यावरचे फडके काढले.

"आये, मला विचार."

"काय विचारू?"

"तेच विचार."

म्हातारीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. मग तिने पुन्हा फळीवर हात ठेवला. "खिळा कुणाचा?"

"माझा," शाल्मल म्हणाला. मागच्यांना ऐकू गेले नाही. तो पुन्हा ओरडला, "माझा! हातोडा माझा, ठसा मी मारला! आखूड करायला या अमात्यांनी सांगितलं, दारात शिपाई उभे करून. दादानं नाही म्हटलं होतं, म्हणून त्याचा भाता फाडला. राळेची मुरड खोटी आहे हे मला माहीत होतं. सगळं माहीत होतं!"

 मग गर्दीतून एक लोहार पुढे आला, मान खाली घालून. "थोडे माझे पण आहेत," तो पुटपुटला. त्याच्या मागून आणखी काही जण आले. ते सगळे जाऊन गलबत आणि पाणी यांच्या मधे, राजाकडे तोंड करून उभे राहिले. ओंडके मोकळे झाले होते, पण आता गलबत ढकलायचे तर त्यांच्या अंगावरून ढकलावे लागणार होते. मग वल्हेकरी येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. बायकाही आल्या.

"घाला!" राजा किंचाळला. "सगळ्यांना घाला त्या गलबतात!"

शिपाई जागचे हलले नाहीत. त्यांतल्या निम्म्यांची घरे कोळीवाड्यातच होती.

तेव्हा वारुणीने फळीवरचा हात न काढता मान राजाकडे वळवली. "महाराज, खिळ्याचं झालं. आता मला दुसरं विचारायचंय. गलबत कुणाचं?"

राजाला पुकारात आजवर कुणी प्रश्न केला नव्हता. तो आधी हसला.

"गलबत कुणाचं?"

त्याने पिंगलाकडे पाहिले. पिंगल स्वतःच्या पायांतल्या वहाणा निरखत होता.

"गलबत कुणाचं?" म्हातारीचा आवाज चढलाही नाही, उतरलाही नाही.

"माझं!" राजा गरजला. तो मालकी सांगायला निघाला होता. पण शब्द तोंडातून सुटला आणि किनाऱ्यावरची सगळी माणसे त्याच्याकडे पाहू लागली. ती अशी पाहत होती, जशी पुकारानंतर लोहाराकडे पाहत. त्या शब्दाचा अर्थ या गावात काय होतो, हे महाजयाला लहानपणापासून ठाऊक होते. आपल्याला तो लागू असेल, असे मात्र त्याला कधी वाटले नव्हते.

"मग यातले जीव तुमचे," वारुणी म्हणाली. "बघा काय करायचं ते." आणि तिने हात काढून घेतला.

राजा खाली उतरला. वाळूतले खिळ्याचे दोन तुकडे त्याने उचलले आणि एकमेकांना जुळवून पाहिले. शेवटी तो म्हणाला, "फोडा हे गलबत. लोखंडाची वाट पाहा."

"महाराज, शेजारचा राजा हसेल," पिंगल म्हणाला.

"हसू दे. आणि तू माझ्या दरबारात पुन्हा तोंड दाखवू नकोस."

लोक गलबतावर तुटून पडले. फळ्या नुसत्या हातांनी निघत होत्या, आणि एकेक फळी निघाली की वल्हेकऱ्यांच्या बायका पोरांना छातीशी घट्ट धरत होत्या. बोधिसत्त्व खाली उतरला. शाल्मल वाळूत बसला होता.

"तू का म्हणालास माझा म्हणून?" त्याने विचारले. "मेला असतास."

"तू म्हणेपर्यंत कुणीतरी तो शब्द धरून ठेवायला हवा होता," बोधिसत्त्व म्हणाला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा विहारातल्या भिक्षूंना सांगितली. त्याच सकाळी तिथे एक गोष्ट घडली होती. कोठीचे दार रात्री उघडे राहिल्याने धान्य पावसात भिजून नासले होते, आणि दोष आला होता एका वृद्ध भिक्षूवर, ज्याला रात्री नीट दिसत नसे. त्याने तो निमूटपणे आपल्या माथी घेतला होता. कथा संपवून शास्त्यांनी जन्मांचा मेळ घातला. "तेव्हाचा राजा महाजय म्हणजे आज तुम्हाला भिक्षा घालणारा श्रेष्ठी भद्रवाहन. वारुणी म्हणजे वृद्ध भिक्षुणी, थेरी सेलवती. पिंगल अजून शिकतो आहे, त्याचे नाव विचारू नका. लोहार खदिर म्हणजे मीच."

एवढे बोलून ते थांबले. शाल्मलचे नाव त्यांनी घेतले नाही. भिक्षू वाट पाहत राहिले. शास्ते शांत बसून होते, जणू त्यांना कसलीही घाई नव्हती.

शेवटच्या रांगेतून एक तरुण भिक्षू उठला. 

"भन्ते," तो म्हणाला, "शाल्मल मी. दार माझ्या हातून उघडे राहिले."

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात, खरे म्हणून जे धरले ते शेवटपर्यंत न सोडणे."